हातचं राखून न ठेवता : वाचकांचे प्रश्न, हाताच्या सर्जनची उत्तरं

गेल्या अंकात हाताच्या दुखण्यांवर माझा लेख आला आणि त्याखाली संपादकांनी 'प्रश्न पाठवा' असं छापलं. पत्रं भरपूर आली. 'रिपोर्ट जोडला आहे, गोळी सांगा' अशी पत्रं बाजूला ठेवली आहेत. हात हातात घेतल्याशिवाय मी औषध सांगत नाही, फोटो बघून तर नाहीच. उरलेल्यांतली काही इथे घेते.

डॉक्टर, नमस्कार. वय 52. सांगलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. मदतीला दोघी आहेत, पण लाटायला मीच बसते. वर्षभर उजव्या हाताला रात्री मुंग्या येतात, दोन-तीनच्या सुमाराला जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. आता डावाही सुरू झालाय. आधी बी-12ची इंजेक्शनं झाली, मग मानेचा एक्स-रे निघाला, 'मणक्यात गॅप आहे' म्हणून पट्टा मिळाला. आता दुसऱ्या डॉक्टरांनी मनगटाचं ऑपरेशन सांगितलंय. जाऊबाई म्हणतात, नस कापली गेली तर हात कायमचा जाईल. काय करू?

ताई, आज रात्री मुंग्यांनी जाग आली की दिवा लावा आणि एकेक बोट चाचपून बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू बधिर, करंगळी मात्र शाबूत, असं असेल तर दुखणं मनगटात असण्याची शक्यता फार मोठी. करंगळीची नस वेगळी. ती कोपरामागून येते आणि मनगटात वेगळ्या वाटेने जाते. 'अख्खा हात बधिर होतो' असं बहुतेक जण सांगतात, पण करंगळीबद्दल विचारलं की थबकतात आणि म्हणतात, 'हो की, ती नाही होत.'

मनगटात आठ लहान हाडांची कमान असते. तिच्यावर एक जाड, चिवट पडदा ताणलेला असतो. त्या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या स्नायूंच्या नऊ दोऱ्या (टेंडन) जातात आणि त्यांच्या गर्दीतून एक नस जाते. दोऱ्यांभोवतीचं अस्तर सुजलं की जागा कमी पडते आणि नस चेंबते. झोपेत मनगट दुमडलं जातं, दाब वाढतो, म्हणून रात्रीचा त्रास. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांत जास्त दिसतो. मधुमेह, थायरॉइड कमी असणं, गरोदरपण, वाढलेलं वजन हे त्याचे सोबती. तुमची साखर आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. ते आधी करून घ्या.

मानेचं म्हणाल तर पन्नाशीनंतर कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, काहीतरी सापडतंच. तेच तुमच्या मुंग्यांचं कारण आहे असं त्यावरून ठरत नाही. बी-12 कमी असलं तर मुंग्या सहसा दोन्ही पायांपासून सुरू होतात. कमी असेल तर जरूर घ्या, पण चेंबलेली नस इंजेक्शनाने मोकळी होत नाही.

आता ऑपरेशन. तुमची पायरी कोणती, हे दोन गोष्टींवरून कळतं. एक म्हणजे नसेची तपासणी, एनसीव्ही. दुसरी तुमची तुम्हीच करा. दोन्ही तळहात शेजारी धरून अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा बघा. उजवीकडचा बसलेला, खोलगट दिसतोय? सांडशी हातातून निसटते, ब्लाउजचा हूक लागत नाही? असं असेल तर थांबू नका. स्नायू एकदा वाळला की नस मोकळी करूनही तो पूर्ण भरून येईल याची खात्री नाही. उंचवटा शाबूत असेल, त्रास फक्त रात्रीचा असेल, तर रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट दीड महिना नेमाने लावा. मेडिकलमधला मऊ क्रेप बँडेज नाही, आत पट्टी असलेला. मनगट सरळ हवं. मागे वाकवलेलंही चालत नाही. त्याने भागलं नाही तर बोगद्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन देता येतं. पुष्कळांना त्याने काही महिने आराम पडतो. फक्त त्या आरामात तपासणी विसरू नका.

जाऊबाईंना सांगा, ऑपरेशनात नस कापत नाहीत. नसेवरचा तो पडदा कापतात. तळहातावर दोन-तीन सेंटीमीटरची चीर, पंधरा-वीस मिनिटांचं काम. हल्ली आम्ही हे फक्त हात बधिर करून करतो. बधिर करायच्या औषधात ॲड्रेनलिन घातलेलं असतं, त्यामुळे रक्त कमी येतं आणि दंडाला आवळपट्टी बांधावी लागत नाही. इंजेक्शन दिल्यावर अर्धा तास बाहेर बसवतो, मग आत घेतो. आम्ही शिकत होतो तेव्हा बोटांत ॲड्रेनलिन म्हणजे महापाप होतं, बोट काळं पडेल म्हणून. ती भीती निराधार असल्याचं कॅनडातल्या डोनाल्ड लालोंड यांनी आणि त्यांच्यासारख्यांनी दाखवून दिलं आणि ही पद्धत जगभर गेली. तुमचा फायदा असा, की उपाशी राहायचं नाही, साखरेची गोळी चुकवायची नाही, आणि घरी आल्यावर गुंगी नाही.

दुर्बिणीतून करा असं कुणी सांगेल. कामावर थोडं लवकर परतता येतं, वर्षभराने दोन्हींत फरक राहत नाही, खर्च मात्र जास्त.

एवढं मात्र आधीच ठरवा. टाके निघाले म्हणजे लाटणं हातात घ्यायचं असं नाही. तळहाताच्या बुडाशी, जिथे लाटण्याचा भार येतो तिथेच, दोन-तीन महिने दुखरेपणा राहतो. पकडही तेवढे दिवस कमी असते. दीड महिन्याच्या आत तुम्ही कणीक मळायला बसलात तर दुखणार, आणि दोष ऑपरेशनला जाणार. रात्रीच्या मुंग्या मात्र बहुतेकांच्या पहिल्या काही दिवसांतच जातात. दोन्ही हात एकदम करून घेऊ नका, आंघोळीला तरी एक हात मोकळा पाहिजे. आधी उजवा, मग डावा, आणि लगीनसराई सोडून.

माझ्या वडिलांचं (वय 61) उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट कडबाकुट्टीत तुटलं. मी शेजारच्यांचं ऐकून बोट लगेच स्टीलच्या डब्यात बर्फावर ठेवलं. जखमेवर हळद दाबली, मनगटाला सुतळी बांधली. शहरात पोचायला साडेचार तास गेले. तिथे डॉक्टर म्हणाले, जोडता येणार नाही. बर्फात ठेवूनही का नाही? दुसऱ्या कुणाचं बोट बसवता येतं का? (वाळवा तालुक्यातून एक मुलगी)

बाळा, आधी हे ऐक. तू सगळं बरोबर केलं असतंस तरी हे बोट कदाचित जोडलं गेलं नसतं. कडबाकुट्टी सुरीसारखी एका घावात कापत नाही. आधी रोलर बोट आत ओढतो, चिरडतो, मग पातं फिरतं, तेही एकदाच नाही. बोटातल्या रक्तवाहिन्या जेमतेम एक मिलिमीटरच्या. त्या लांबवर आतून फाटलेल्या असल्या तर सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक दोऱ्याने शिवूनही त्यांतून रक्त वाहत नाही, गुठळी होते. शिवाय साठीतल्या माणसाचं एकटं तर्जनीचं बोट बुडाशी तुटलं असेल तर जोडूनही ते ताठ राहतं. कामात आड येतं, म्हणून माणूस ते बाजूला धरून मधल्या बोटानेच काम उरकतो. अंगठा असता तर आम्ही जिवाचं रान केलं असतं. लहान मुलाचं कुठलंही बोट असतं, एकाच वेळी बरीच बोटं गेली असती, तरी केलं असतं. तुटलेला अंगठा पूर्णपणे पुन्हा जोडण्याचं काम पहिल्यांदा जपानमधल्या नारा इथे 1965 मध्ये कोमात्सु आणि तामाई या डॉक्टरांनी केलं. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया पुष्कळ सुधारली, पण चिरडलेल्या रक्तवाहिनीपुढे अजूनही हात टेकावे लागतात.

पण तुझ्या पत्रामुळे इतरांसाठी सांगायची संधी मिळाली, ती सोडत नाही. आमच्या भागात ऊस, वैरण, इचलकरंजीचे माग, एमआयडीसीतले पॉवर प्रेस. तुटलेली बोटं आम्हाला कशात गुंडाळून मिळत नाहीत! बर्फावर ठेवलेलं बोट गोठतं, त्यातल्या पेशी फुटतात, मग ते कुणालाच जोडता येत नाही. पाण्यात, दुधात किंवा मिठात बुडवलेलंही खराब होतं. बोटावरची माती स्वच्छ पाण्याने हलकेच धुवायची, घासायचं नाही. स्वच्छ फडकं ओलं करून पिळायचं, त्यात बोट गुंडाळायचं, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ-पाणी घातलेल्या दुसऱ्या भांड्यात. बोटाला बर्फ लागता कामा नये, पाणीही लागता कामा नये, नुसता गारवा मिळाला पाहिजे. असं ठेवलेलं बोट 12 तास, कधी त्याहूनही जास्त टिकतं, कारण बोटात स्नायू नसतात. मनगटाच्या वरून हात तुटला असेल तर स्नायू भरपूर. तिथे 6 तासही जास्त होतात.

जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरायचं आणि हात उंच ठेवायचा. बहुतेक वेळा रक्त तेवढ्याने थांबतं. सुतळी आणि तार बांधू नका, ती आत रुतते आणि चांगल्या नसाही चेंबवते. हळद, चहाची पावडर, रॉकेल, तंबाखू काही नको. धुऊन काढण्यात आमचा वेळ जातो आणि पेशंटचा जीव. बोट कातडीवर लोंबत असेल तर तोडू नका, त्या कातडीतून एखादी शीर चालू असू शकते. आणि सगळे तुकडे आणा. जोडण्याजोगे नसले तरी त्यातली कातडी किंवा नख दुसऱ्या बोटाला कामी येतं. 108 ला फोन करा, आणि जिथे जाणार तिथे सूक्ष्मशस्त्रक्रिया होते का, हे निघण्यापूर्वी विचारा. तुमचे साडेचार तास बहुधा दोन दवाखान्यांच्या दारात गेले असणार. आधीच्या ठिकाणी टाके घालून, पुढे पाठवून, असंच होतं.

दुसऱ्याचं बोट नाही बसवत. पूर्ण हाताचं प्रत्यारोपण होतं. पहिलं यशस्वी प्रत्यारोपण 1998 मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला झालं; भारतात 2015 मध्ये कोचीला, आणि मुंबईत 2020 मध्ये. पण दुसऱ्याचा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून जन्मभर औषधं लागतात, आणि ती प्रतिकारशक्ती दाबतात. लिऑनच्या त्या पहिल्या पेशंटने औषधं सोडली आणि 2001 मध्ये तो हात काढून टाकावा लागला. एका बोटासाठी हा सौदा कुणी करू नये. अंगठा गेलेल्यांना पायाचं बोट हातावर लावून देता येतं, ते स्वतःचंच असतं, औषधं लागत नाहीत.

आता वडिलांसाठी. जखम भरली की खुंटाला साधा स्पर्शही झोंबतो आणि माणूस तो हात खिशात घालून बसतो. तसं होऊ देऊ नकोस. परातीत ज्वारी घे, त्यात त्यांना हात घालून फिरवायला लाव, दिवसातून तीन-चार वेळा. आठवड्याने टॉवेलाने चोळायचं, मग खरखरीत पोत्याने. नसेला 'हे धोक्याचं नाही' हे असंच शिकवावं लागतं. थंडीत खुंट दुखेल, पहिले एक-दोन हिवाळे मोजा घालू दे. बिडी ओढत असतील तर बंद. जोडलेल्या बोटाच्या पेशंटला तर आम्ही वॉर्डात तंबाखू-मशेरीसुद्धा शिवू देत नाही.

आणि कडबाकुट्टीला वैरण सारायची पेटी एवढी लांब करून घ्या, की हात रोलरपर्यंत पोचणारच नाही. गावातला वेल्डर अर्ध्या दिवसात करून देईल. माझ्याकडे येणाऱ्या बोटांपैकी निम्म्यांना माझी गरजच पडली नसती.

मॅडम, बाळ तीन महिन्यांचं आहे. त्याला उचलताना अंगठ्याच्या खाली, मनगटाच्या कडेला कळ येते. आई म्हणते, बाळंतपणात वारा लागला, डोकं-कान बांध. (पुणे)

कान बांधायला हरकत नाही, मनगटाला त्याचा उपयोग नाही. अंगठा वर उचलणाऱ्या दोन दोऱ्या मनगटाच्या कडेला एका अरुंद खाचेतून जातात, त्यांना सूज आली आहे. स्विस सर्जन डी कर्व्हेन यांनी 1895 मध्ये याचं वर्णन केलं, दुखणं त्यांच्याच नावाने चालतं. तान्ह्या बाळांच्या आया आणि नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या, दोघींना होतं. तुम्ही बाळाला काखेत अंगठे घालून उचलता ना? ते बंद. एक तळवा डोक्या-मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली, अंगठे बोटांना चिकटलेले. सोबत अंगठाही धरून ठेवणारा स्प्लिंट तीन-चार आठवडे. त्याने नाही थांबलं तर एक स्टिरॉइडचं इंजेक्शन, अंगावर पाजत असलात तरी चालतं, डॉक्टरांना तसं सांगा. सावळ्या कातडीवर सुईच्या जागी फिकट डाग पडू शकतो, बहुतेकांचा काही महिन्यांत जातो. आधी सांगितलेलं बरं, नाहीतर डाग बघून पेशंट कोड समजून बसतात.

मी म्हापशाचा, कॉलेजच्या टीमचा गोलकीपर. पाच महिन्यांपूर्वी हात टेकून पडलो. एक्स-रे नॉर्मल आला, क्रेप बांधला. अजून पुश-अप मारता येत नाही.

मित्रा, अंगठा ताठ कर. त्याच्या बुडाशी मनगटावर एक खळगा पडतो. त्यात दाबल्यावर दुखलं तर तुझं स्कॅफॉइड नावाचं हाड तुटलेलं असू शकतं. काजूएवढं हाड. ताज्या एक्स-रेत त्याची चीर कधी कधी दिसतच नाही, म्हणून तिथे दुखत असेल तर प्लॅस्टर घालून 10 ते 14 दिवसांनी परत फोटो काढायचा किंवा थेट एमआरआय करायचा, हा नियम आहे. तुझा दुसरा फोटो झाला नाही, घोटाळा तिथे झाला. या हाडाला रक्त बोटांच्या बाजूने मिळतं आणि उलट्या दिशेने कोपराकडे जातं. मध्येच तुटलं की मागचा तुकडा उपाशी राहतो, जुळायला महिने घेतो, कधी मरतो. पाच महिन्यांनी नुसत्या प्लॅस्टरने जुळेल असं वाटत नाही. सीटी स्कॅन होईल, आणि बहुधा मनगटाच्या किंवा कमरेच्या हाडाचा चुरा भरून आत बिनडोक्याचा स्क्रू. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात दाखव. दुखणं सोसवतंय म्हणून सोडून दिलंस तर काही वर्षांनी मनगटाची झीज सुरू होते. तोवर गोलमध्ये दुसऱ्याला उभं कर.

मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. हॅन्ड सर्जन व्हायचं आहे. वाट कोणती, आणि खरं सांगायचं तर कमाई किती? (लातूर)

वाट दोन फाट्यांची. अस्थिरोगात एमएस करून या, किंवा जनरल सर्जरीनंतर प्लॅस्टिक सर्जरी करून या. दोन्हींनंतर हॅन्ड आणि मायक्रोसर्जरीची एफएनबी ही फेलोशिप करता येते. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये महिनाभर उभं राहून बघितलंत तरी हे काम आपल्याला झेपेल का, ते कळेल. अस्थिवाल्यांना हाडं येतात आणि कातडी येत नाही, प्लॅस्टिकवाल्यांचं उलटं. जे येत नाही ते वरिष्ठांच्या मागे लागून शिकायचं.

कमाई गुडघे बदलणाऱ्यापेक्षा कमी, आणि रात्री जास्त. बोट जोडायला पहाटेपर्यंत बसावं लागतं आणि पेशंट बहुतेक वेळा ज्याची दुसऱ्या दिवशीची हजेरी बुडाली तो असतो. हे झेपत नसेल तर गुडघे करा, वाईट काही नाही.

आपल्या देशात या विषयाचा पाया कुष्ठरोग्यांच्या हातांवर घातला गेला आहे, हे तुमच्या पाठ्यपुस्तकात बहुधा दोन ओळींत असेल. ब्रिटिश सर्जन पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरोगाने बोटं सडून गळतात, असाच तेव्हा समज होता. त्यांनी बघितलं की बोटं जातात ती बधिरपणामुळे. भाजतं, कापतं, कळतच नाही. आणि वाकडे झालेले पंजे काम करणाऱ्या दुसऱ्या स्नायूची दोरी वळवून पुन्हा उघडता येतात. मुंबईत जे. जे. रुग्णालयात नोशीर अंतिया यांनी हेच काम प्लॅस्टिक सर्जरीच्या बाजूने पुढे नेलं. या मंडळींनी ऑपरेशनाइतकाच जीव नंतरच्या व्यायामात घातला. म्हणून माझं मत ठाम आहे : ज्या गावात हॅन्ड थेरपिस्ट नाही, तिथे दोरी शिवणारा सर्जन अर्धाच. तळहाताशी तुटलेली दोरी मी तासाभरात शिवते. ती चिकटू न देता आणि तुटू न देता तीन महिने हलवत ठेवायचं काम थेरपिस्टचं आणि पेशंटचं, आणि पैसे वाचवायला लोक नेमकं तेच गाळतात.

सध्या खाटकाकडून कोंबडीच्या तंगड्या आणा. मांडीतली रक्तवाहिनी मोकळी काढायला शिका, न फाडता. शिवायचं नंतर बघू.

अनामिका सकाळी मिटलेली राहते, दुसऱ्या हाताने ओढली की 'कट्' करून उघडते. मला मधुमेह आहे. (निवृत्त एसटी कंडक्टर, जत)

काका, याला ट्रिगर फिंगर म्हणतात. बोटाच्या बुडाशी दोरीवर एक कडं असतं. दोरीला तिथे सूज आली, की नेढ्यात गाठ आलेला दोरा अडकतो तसं होतं. मधुमेहात हे जास्त, आणि एकाहून अधिक बोटांना. इंजेक्शनाने पुष्कळांचं सुटतं, तुमच्यासारख्यांचं जरा कमी वेळा. घेतलंत तर पुढचे चार-पाच दिवस साखर वाढेल, घाबरून इन्सुलिनचे डोस मनाने बदलू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. नाहीच सुटलं तर ते कडं कापायचं, हात बधिर करून, दहा मिनिटांत. ओढून-ओढून तेल लावायचं तेवढं थांबवा.

नखुरडं झालं की आमच्याकडे लिंबात बोट खुपसतात. योग्य का?

पहिल्या दिवशी, नुसती लाली असताना, कोमट पाण्यात बोट बुडवा, दिवसातून तीन-चार वेळा. लिंबाने चुरचुरण्यापलीकडे काही होत नाही. पू पिवळा दिसायला लागला, किंवा बोटाचा मांसल भाग टणक होऊन ठणक्याने रात्री झोप लागेना, तर त्याच दिवशी चीर देऊन घ्या. पू आत कोंडला की टोकाच्या हाडापर्यंत जातो. अंगठी असेल तर दवाखान्यात निघण्याआधी साबण लावून काढा. सुजलेल्या बोटातून आम्हाला ती कापूनच काढावी लागते, आणि मग ती सोन्याची होती म्हणून वाद होतात.